संगणकांचे मानपान

'प्रोटोकॉल' या शब्दाला मराठी शासनव्यवहारात 'राजशिष्टाचार' असा भारदस्त प्रतिशब्द आहे. परदेशी पाहुण्याला विमानतळावर कोणी सामोरे जावे, कोणाची खुर्ची कोणाच्या उजवीकडे मांडावी, पुष्पगुच्छ आधी कोणाच्या हाती पडावा, असे प्रश्न त्याच्या कक्षेत येतात. संगणकशास्त्रातही दोन यंत्रांनी परस्परांशी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत बोलावे याच्या संकेताला हेच नाव आहे. मात्र घरातल्या दोन जुन्या संगणकांमध्ये एखादे फोल्डर सामायिक करण्याचा खटाटोप ज्याने एकदा तरी केला आहे, त्याला राजशिष्टाचार हा शब्द तोकडा वाटतो, कारण राजशिष्टाचाराला निदान लेखी नियम असतात आणि पाहुणा रुसला तर का रुसला हे सांगायला एखादा सचिव हजर असतो. येथे जे चालते त्याला मानपान म्हणणेच योग्य असून, त्याचे खरे साधर्म्य आंतरराष्ट्रीय भेटीगाठींशी नव्हे, तर लग्नाच्या आदल्या दिवशीच्या जानवसघराशी आहे.

या अभ्यासाची सामग्री मध्यमवर्गीय घरात आपोआप गोळा होते. नवा संगणक येतो तेव्हा जुना जात नाही. तो आतल्या खोलीत सरकतो, त्याच्यावर जुन्या चादरीचा तुकडा पडतो, आणि त्याला न काढण्याची कारणे वर्षागणिक वाढत जातात. त्याच्यावर सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब असतात, धाकट्याच्या मुंजीचे फोटो असतात, आणि युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाईप केलेली पत्रे असतात, जी दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर उघडली की मराठीच्या जागी विरामचिन्हांची दंगल दिसते. ते फाँट ज्या सॉफ्टवेअरचे, त्याचे 'डोंगल', म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्याचा पुरावा म्हणून यंत्राच्या पाठीत कायम खोचून ठेवायचा बोटभर ठोकळा, ज्या खोबणीत बसतो ती खोबणी नव्या यंत्राला नसतेच. अशा रीतीने घरात दोन पिढ्या नांदू लागतात, आणि कधी ना कधी एकीकडची चीजवस्तू दुसरीकडे नेण्याची वेळ येते. या व्यवहाराला 'फाइल शेअरिंग' म्हणतात. सातबाराच्या उताऱ्यावर 'सामायिक' हा शब्द वाचून ज्यांच्या पोटात गोळा येतो, अशा समाजाला या शब्दातील धोका वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही माणसे दर वेळी नव्या उमेदीने माउसचे उजवे बटण दाबतात आणि 'शेअर' हा पर्याय निवडतात. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत सामायिक केलेल्या फोल्डरच्या चित्राखाली एक पसरलेला हात दिसू लागे. तो हात देणाऱ्याचा की मागणाऱ्याचा, याचा उलगडा चित्रावरून होत नसे.

फोल्डर दिसत नाही म्हटल्यावर पहिला संशय तारेवर जातो, आणि हा संशय बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. तार बिचारी आठ बारीक तारांची वेणी असते, दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकचे डोके असते, आणि त्या डोक्यावरची छोटी जीभ मोडली की ती खोबणीत टिकत नाही, हा तिचा ढळढळीत दिसणारा एकमेव दोष. तथापि दिसणाऱ्या वस्तूवर राग काढणे सोपे असल्यामुळे ती उपसली जाते, फुंकली जाते, पदराने पुसली जाते आणि पुन्हा खोचली जाते. यानंतर घरातला जाणता 'पिंग' करतो. पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राला त्याच्या अंकी पत्त्यावर मारलेली हाक. विंडोजमध्ये ही हाक एका वेळी चारदा जाते, दर वेळी तिच्यासोबत ३२ बाइटचा मजकूर असतो, आणि तो मजकूर पाहण्यासारखा आहे: इंग्रजी मुळाक्षरे ए पासून डब्ल्यूपर्यंत, आणि मग पुन्हा ए पासून आयपर्यंत. बालवाडीतील मुलाने 'क्ष'पर्यंत येऊन पुन्हा 'क'पासून सुरुवात करावी तसे एक यंत्र ही अक्षरे घोकते, दुसरे ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवते, आणि पडद्यावर चार ओळी उमटतात की १९२.१६८.१.५ या पत्त्यावरून उत्तर आले व त्यास एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ लागला. तार निर्दोष सुटते. परंतु फोल्डर अजूनही दिसत नाही, आणि येथून पुढे जे जे घडते ते मानपानाच्या खात्यात जमा होते, कारण हाक ऐकू येते, ओ दिली जाते, तरी दार उघडले जात नाही.

दार न उघडण्याचे पहिले कारण नाव. घरगुती विंडोज यंत्रे परस्परांना ज्या नावांनी ओळखत, ती 'नेटबायोस' नावाच्या १९८३ सालच्या व्यवस्थेतून आली, आणि त्या व्यवस्थेत नावाला सोळा जागा असून सोळावी जागा यंत्राचे त्या प्रसंगीचे काम सांगण्यासाठी राखून ठेवलेली असते. म्हणजे बारशाला उरतात पंधरा अक्षरे. पुढे विंडोज १० ने जन्मतःच स्वतःला 'डेस्कटॉप' हा शब्द, एक जोडरेघ आणि त्यापुढे सात निरर्थक अक्षरे-अंक असे नाव लावून घ्यायला सुरुवात केली. इंग्रजी अक्षरे मोजली तर ते बरोबर पंधरा भरते, आणि घरातल्या कोणालाही पाठ होत नाही. नावापाठोपाठ येते 'वर्कग्रुप', म्हणजे एकमेकांच्या यादीत दिसू इच्छिणाऱ्या यंत्रांचा गट. याला गोत्र म्हणायला हरकत नाही, फरक इतकाच की येथे सगोत्रांचेच जुळते. विंडोज एक्सपीची 'होम' आवृत्ती आपले गोत्र 'एमएसहोम' सांगे आणि 'प्रोफेशनल' आवृत्ती 'वर्कग्रुप' असे सांगे, त्यामुळे एकाच कंपनीच्या पोटी, एकाच वर्षी, २००१ साली जन्मलेली दोन भावंडे एका यादीत दिसत नसत. गोत्र वेगळे असले तरी थेट नावाने हाक मारून आत जाता येते, ही गोष्ट खरी आहे; पण ती कळेपर्यंत माणसाने दोन्ही यंत्रे प्रत्येकी तीनदा बंद-चालू केलेली असतात.

या यादीची कथा स्वतंत्र प्रकरणास पात्र आहे. शेजारपाजारच्या यंत्रांची यादी कोणीतरी सांभाळावी लागते आणि जुन्या व्यवस्थेत हे काम सांभाळणाऱ्या यंत्राला 'मास्टर ब्राउझर' म्हणत. हे पद कोणी नेमून देत नसे. त्यासाठी यंत्रांमध्ये निवडणूक होई. ही अतिशयोक्ती नसून तांत्रिक परिभाषेतही त्याला 'इलेक्शन' असेच म्हणतात. कार्यप्रणाली कोणती यावर प्रथम निकाल लागे, तेथे बरोबरी झाल्यास जे यंत्र अधिक काळ चालू आहे ते जिंके, आणि तेथेही बरोबरी झाली तर नावाच्या वर्णानुक्रमावर निवाडा होई. घरात यंत्रे दोन, एक ओसरीवर आणि एक माजघरात, तरी निवडणूक टळत नसे. बिनविरोध ही पद्धत या लोकशाहीत नाही. निवडून आलेल्याकडे इतरांनी आपण हयात असल्याचे कळवायचे, सुरुवातीला दर मिनिटाला आणि पुढे हळूहळू अंतर वाढवत दर बारा मिनिटांनी. जे यंत्र लागोपाठ तीन वेळा गप्प राहील त्याचे नाव वगळायचे, असा नियम असल्याने निरोप न घेता बंद पडलेले यंत्र यादीत ३६ मिनिटे राहू शके, आणि यादीच्या नकला सांभाळणारी दुय्यम यंत्रे असली तर ही मुदत ५१ मिनिटांपर्यंत जाई. मतदारयादीत दिवंगत आजोबांचे नाव पाहण्याची सवय असलेल्या वाचकास यात काही नवल वाटणार नाही. नवल याचे वाटते की चालू असलेले, पिंगला उत्तर देणारे, शेजारच्या टेबलावर पंखा घरघरवत बसलेले यंत्र मात्र त्याच यादीत सापडत नाही.

या मानपानाचा मूळ याज्ञिक शोधू गेल्यास बॅरी फायगेनबॉम हे नाव पुढे येते. आयबीएममध्ये असताना १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी फाइली दूरच्या यंत्रावरून उघडण्याचा जो संकेत रचला, त्याला आरंभी त्यांच्याच आद्याक्षरांवरून 'बीएएफ' म्हटले गेले होते, आणि पुढे त्याचे 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', संक्षेपाने 'एसएमबी', असे नामांतर झाले. हे नाव उच्चारणे अवघड आहे, पण ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने त्यावरही उपाय काढला. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याने तारेवरून चाललेले संभाषण ऐकून ऐकून, म्हणजे वाड्याच्या भिंतीला कान लावून सासू-सुनांच्या बोलण्यातून घरचे सगळे नियम ताडावेत त्या रीतीने, हा संकेत स्वतःच्या प्रणालीवर उतरवला, आणि नाव ठेवायची वेळ आली तेव्हा संगणकातील शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले. हाती लागलेल्या मोजक्या शब्दांत 'सांबा' होता. ब्राझीलच्या नृत्याचे नाव या रुक्ष व्यवहाराला असे चिकटले, आणि महाराष्ट्रात ते ऐकणाऱ्याच्या मनात भलताच सांबा, शोलेतला, खडकावर बंदूक घेऊन बसलेला, उभा राहतो. एकंदर अनुभव पाहता दुसरी प्रतिमाच विषयाला अधिक जवळची आहे.

नाव जुळले, गोत्र जुळले, की 'तुम्ही कोण' हा प्रश्न येतो, आणि जुन्या यंत्रांनी या प्रश्नाची उत्तरे पिढीगणिक वेगळी मागितली आहेत. विंडोज ९८ सुरू होताना नाव व संकेतशब्द विचारीत असे. न सांगता 'कॅन्सल' दाबले तरी ते निमूटपणे आत घेई, मात्र त्या दिवसापुरते नेटवर्क दाखवीत नसे. दिंडी दरवाजा सताड उघडा, पण ओळख न देता शिरलेल्यास पंगतीत पान नाही, असा हा न्याय होता. एक्सपीच्या घरगुती आवृत्तीने त्यावर 'सिंपल फाइल शेअरिंग' नावाची तोड काढली, जिच्यात नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण, मग तो घरचा कर्ता का असेना, 'गेस्ट' म्हणजे पाहुणा समजला जाई. ज्याने संगणक विकत घेतला, ज्याने त्याचे हप्ते फेडले, तो शेजारच्या खोलीतून आला की पाहुणा. 'प्रोफेशनल' आवृत्तीत साध्या पद्धतीऐवजी पूर्ण पद्धत निवडली, तर गाठ आणखी एका नियमाशी पडे: ज्या खात्याला संकेतशब्दच नाही त्याने यंत्रासमोर बसून खुशाल काम करावे, पण त्या नावाने तारेवरून येऊ नये. नियम सुरक्षेच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाचा आहे. त्याचा घरगुती परिणाम असा, की ज्या कुटुंबात कोणीही कोणापासून काही लपवत नव्हते, तेथे केवळ भावाभावांत फाइल जावी म्हणून संकेतशब्द ठेवण्याची सक्ती झाली, दोन्ही यंत्रांवर एकच नाव आणि एकच संकेतशब्द असलेली जुळी खाती उघडावी लागली, आणि तो संकेतशब्द कोणी विसरू नये म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या समासात, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यात आला.

त्यापुढेही दोन कुलपे असतात, एक सामायिकतेचे आणि दुसरे खुद्द डिस्कवरील फाइलींचे, आणि दोहोंत जे अधिक कडक त्याचे चालते. यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. चावी एका जावेकडे आणि किल्ल्यांचा जुडगा दुसरीकडे असलेल्या घरात वाढलेल्यांना ते पाठ आहे.

अधिक लिहिण्यासारखा आहे तो भित्रेपणाचा भाग. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीला दुसरा 'सर्व्हिस पॅक', म्हणजे दुरुस्त्यांचा एकत्रित गठ्ठा, मिळाला आणि तेव्हापासून 'फायरवॉल' हा द्वारपाल मुळातच जागा असू लागला. पुढे व्हिस्टा आणि विंडोज ७ यांनी नव्या जोडणीच्या वेळी विचारायला सुरुवात केली, की आपण सध्या घरात आहात, कार्यालयात आहात, की सार्वजनिक ठिकाणी. हा प्रश्न नेमका अशा क्षणी येई की माणूस घाईने काहीतरी दाबून मोकळा होई, आणि सार्वजनिक ठिकाण निवडले गेले की ते यंत्र त्यानंतर स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, एसटी स्टँडवर पिशवी मांडीखाली धरून बसलेल्या एकट्या प्रवाशासारखे वागू लागे. कोणी नाव विचारले तर सांगत नसे, कोणी काही दिले तर घेत नसे. वायफायच्या राउटरमध्येही अशी एक सोय असते, जिच्यात पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढून त्यावरील यंत्रांना इंटरनेट मिळते पण परस्परांचे दर्शन मिळत नाही. सोसायटीतल्या एखाद्या उत्साही मुलाने राउटर बसवताना घरातील निम्मी यंत्रे या पाहुण्यांच्या जाळ्यावर टाकून दिली, तर पुढील तीन रविवारांची करमणूक निश्चित होते.

अशा रविवारी उपचाराची प्रचलित पद्धत दूरध्वनीवरून चालते. घरातला संगणक जाणणारा मुलगा हिंजवडीत किंवा न्यू जर्सीत असतो आणि वडील यंत्रासमोर बसलेले असतात. यादीवर विसंबू नये, थेट पत्ता टाईप करावा, हे मुलाचे निदान अचूक असते, पण तो पत्ता दोन 'बॅकस्लॅश'नी सुरू होतो, आणि बॅकस्लॅश म्हणजे काय हे मराठीत सांगण्याची सोय कोणत्याही व्याकरणात नाही. "बाबा, तिरकी रेघ." "दिली." "ती नव्हे, उलटी." "उलटी म्हणजे?" "मागे झुकलेली, एन्टरच्या वर असते बघा." "एन्टरच्या वर भिंत आहे." असा संवाद पाच-सात मिनिटे चालतो, मध्येच आई फोन हाती घेऊन जेवलास का ते विचारते, आणि फोन परत येईपर्यंत वडिलांनी दोन उलट्या रेघांच्या जागी एक सरळ आणि एक उलटी अशी जोडी टाकलेली असते, जिला यंत्र 'नेटवर्कचा मार्ग सापडला नाही' असे त्रेपन्न क्रमांकाचे उत्तर देते. हे उत्तर तार तुटली तरी येते, नाव चुकले तरी येते, द्वारपालाने अडवले तरी येते. एकाच कारणासाठी चार वेगवेगळी उत्तरे देणारी माणसे कचेऱ्यांत भेटतात, पण चार कारणांसाठी एकच उत्तर देण्याची शिस्त यंत्रालाच जमते.

एवढ्यावर प्रकरण थांबले असते, परंतु मध्यंतरी खरोखरीचा अपघात घडला. एक्सपीला एसएमबीची पहिली आवृत्तीच तेवढी येते, आणि ही आवृत्ती इतकी जुनी झाली होती की मायक्रोसॉफ्टमधील नेड पाईल २०१६ साली लोकांना ती वापरू नका म्हणून जाहीरपणे विनवत होते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच आवृत्तीतील भगदाडातून जगभर पसरला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामे त्याने ठप्प केली, आणि ज्या एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता तिच्यासाठीही कंपनीला खास दुरुस्ती काढावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीत जुन्या संकेताने फाइली देण्याची बाजू मुळातच काढून टाकलेली होती; मागण्याची बाजू घरगुती आवृत्तीत ठेवली होती, पण यंत्र चालू असताना एकूण पंधरा दिवस कोणी ती वापरली नाही तर तीही आपोआप निघून जाई. निर्णय योग्यच होता आणि त्याबद्दल तक्रार करणे अवाजवी ठरेल. तरी त्याचा घरातील अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे: गणपतीच्या दिवसांत जुन्या संगणकावरून आरत्यांची फाइल घेतली गेली, तेव्हा सारे सुरळीत होते, दिवाळीत फराळाची यादी घ्यायला जावे तो नवे यंत्र जुन्याची भाषाच विसरलेले असते. कोणीही काहीही बदललेले नसते. घरातला प्रत्येक जण हेच शपथेवर सांगतो, आणि या एका प्रकरणात प्रत्येक जण खरे बोलत असतो.

अखेरीस कोणीतरी पेनड्राइव्ह आणतो. पेनड्राइव्हला गोत्र नसते, संकेतशब्द नसतो, तो निवडणूक लढवत नाही. त्याची अडचण एवढीच, की तो बहुधा 'फॅट ३२' या जुन्या मांडणीत आखलेला असतो आणि त्या मांडणीत चार जीबीहून मोठी एक अखंड फाइल मावत नाही. लग्नाचे चित्रीकरण नेमके त्याहून थोडे मोठे असते. अक्षता पडेपर्यंतचा भाग चार जीबीत बसतो आणि पंगत बाहेर राहते. फाइल कापावी, की मांडणी बदलावी, की पुन्हा तारेकडे वळावे, यावर घरात तीन तट पडतात. तारेचा तट जिंकतो. रात्री साडेबाराला कोणत्या तरी खिडकीतली कोणती तरी खूण काढली जाते किंवा घातली जाते, दोन जुनी यंत्रे एकाएकी परस्परांना ओळखतात, आणि फाइल निघते. उरलेला वेळ सत्तेचाळीस मिनिटे असे पडद्यावर येते, मग तीन तास, मग नऊ मिनिटे, मग पुन्हा सत्तेचाळीस. यंत्रांना तसेच सोडून घर झोपायला जाते. मग घरातली वडीलधारी बाई पाणी प्यायला उठते, माजघरात दिवा लुकलुकताना पाहते, आणि रात्री बटणे बंद असावीत या चाळीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे भिंतीवरचे बटण बंद करते. जुन्या यंत्राचा पंखा थांबतो. ओसरीवरच्या दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर एक चौकट उमटते, की या नावाचे यंत्र आता उपलब्ध नाही. आणि तिच्या मागच्याच खिडकीत, शेजाऱ्यांच्या यादीत, ते नाव आणखी छत्तीस मिनिटे ठळकपणे उभे असते.